सरकारदरबारी असलेली आपली माहिती कशी जपायची: सुरुवात आधारपासून

देशातला पहिला आधार क्रमांक आपल्याच राज्यात दिला गेला, नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात, २९ सप्टेंबर २०१० रोजी. तेव्हापासून रेशन, गॅस, पेन्शन, शिष्यवृत्ती, पीएम किसान, लाडकी बहीण अशा प्रत्येक ठिकाणी तो बारा आकडी नंबर मागितला जातो. म्हणून सरकारकडची आपली माहिती जपायची म्हटलं की आधी आधारकडेच वळावं लागतं.

यूआयडीएआय म्हणजे आधार प्राधिकरण. त्याच्या सर्व्हरवर आपला काही ताबा नाही. तो सुरक्षित ठेवणं त्यांचं काम आहे आणि ते त्यांनी चोख करावं असा आग्रह आपण धरलाच पाहिजे. पण आजवर उघड झालेली प्रकरणं पाहिली तर माहिती बहुधा बाजूच्या दारांनी बाहेर गेलेली दिसते. केंद्र आणि राज्यांच्या सुमारे २१० सरकारी वेबसाइटवर लाभार्थ्यांच्या नावांसोबत आधार क्रमांक उघडे पडल्याचं २०१७ मध्ये खुद्द प्राधिकरणानेच मान्य केलं होतं. जानेवारी २०१८ मध्ये चंडीगडच्या एका दैनिकाच्या बातमीदाराने व्हॉट्सॲपवरच्या एजंटाला ५०० रुपये दिले आणि कोणाचाही आधार नंबर टाकून नाव, पत्ता, फोटो, फोन नंबर पाहण्याची सोय मिळवली. त्यासाठी सर्व्हर फोडावा लागला नाही, कोणाचं तरी लॉगिन पुरलं.

बाजूच्या या दारांपैकी बरीचशी आपल्याला बंद करता येतात. खाली दिलेल्या क्रमानेच कामं करा, कारण पहिलं झाल्याशिवाय पुढची होत नाहीत.

त्यांच्याकडे काय आहे आणि काय नाही

आधारच्या नोंदीत नाव, जन्मतारीख, लिंग, पत्ता, फोटो, दहा बोटांचे ठसे आणि दोन्ही डोळ्यांच्या बुबुळांची प्रतिमा असते. मोबाइल आणि ईमेल आपण दिले असतील तर तेही असतात. जात, धर्म, उत्पन्न, आजारपण यांची नोंद आधारमध्ये करायला २०१६ च्या आधार कायद्याने मनाई केली आहे. आपले बँक खाते क्रमांकही प्राधिकरणाकडे नसतात. “तुमचं आधार खातं तपासायचंय, बँकेचे तपशील सांगा” असा फोन आला तर तो तिथेच ठेवून द्या. आधार कार्यालयाला त्या तपशिलांची कधीच गरज पडत नाही.

पहिलं काम: मोबाइल नंबर

आधारला जोडलेला मोबाइल नंबर ज्याच्या हातात, त्याच्या हातात सगळं काही. ओटीपी त्यावर येतो, ठशांना कुलूप लावणं-काढणं (ते पुढे सांगितलं आहे) त्यावरून होतं. तरीही कित्येक घरांत आजी-आजोबांच्या आधारला नोंदणीच्या दिवशी सोबत आलेल्या पुतण्याचा नाहीतर केंद्रचालकाचाच नंबर जोडलेला असतो. काहींचा नंबर रिचार्ज न केल्याने केव्हाच बंद पडलेला असतो. बंद झालेला नंबर किमान ९० दिवस कोणालाही दिला जात नाही, पण त्यानंतर तो दुसऱ्याच्या नावावर जाऊ शकतो आणि तुमचे ओटीपी त्याला जाऊ लागतात.

प्राधिकरणाच्या वेबसाइटवर ‘व्हेरिफाय ईमेल, मोबाइल’ अशी सोय आहे. तिथे आधार नंबर आणि मोबाइल नंबर टाकला की जुळतो की नाही ते कळतं. जुळत नसेल तर आधार केंद्र गाठा. मोबाइल बदलायला एकही कागद लागत नाही, फक्त स्वतः हजर राहून अंगठा द्यावा लागतो. ऑक्टोबर २०२५ पासून याचं शुल्क ७५ रुपये आहे. जास्त मागितले तर पावती मागा आणि १९४७ या क्रमांकावर तक्रार करा. हा मदत क्रमांक मोफत आहे आणि त्यावर मराठीतही बोलता येतं.

घरात प्रत्येक मोठ्या माणसाचा स्वतःचा नंबर त्याच्या आधारला असावा, असं माझं ठाम मत आहे. सगळ्यांचे ओटीपी एकाच कर्त्या माणसाच्या फोनवर येणं सोयीचं वाटतं, पण तो फोन हरवला की सगळं घर एकदम उघडं पडतं.

दुसरं काम: आपलं आधार कुठे वापरलं गेलं ते पाहा

ही सोय फार थोड्यांना ठाऊक आहे आणि मला ती सगळ्यात मोलाची वाटते. कायद्याच्या कलम ३२ नुसार आपल्या आधारची पडताळणी कोणी, कधी केली याची नोंद पाहण्याचा हक्क आपल्याला आहे. ‘माय आधार’ या अधिकृत पोर्टलवर आधार नंबर आणि ओटीपी टाकून आत गेलात की ‘ऑथेंटिकेशन हिस्टरी’ दिसेल. तिथे गेल्या सहा महिन्यांतल्या, एका वेळी ५० पर्यंत नोंदी मिळतात.

प्रत्येक ओळीत तारीख, वेळ, पडताळणीचा प्रकार (बोट, बुबुळ, चेहरा की ओटीपी), पडताळणी मागणाऱ्या संस्थेचं नाव आणि ती यशस्वी झाली की फसली हे असतं. फसलेल्या नोंदीपुढे कोड असतो. ३०० म्हणजे ठसा जुळला नाही, ३३० म्हणजे तुम्ही बायोमेट्रिकला (ठसे, बुबुळ, चेहरा) कुलूप लावलेलं होतं. या फसलेल्या ओळी कंटाळा न करता वाचा. कोणीतरी दार ढकलून पाहिल्याची खूण असली तर ती तिथेच सापडते.

आमच्या ओळखीच्या एका आजींच्या नोंदी मी त्यांच्या शेजारी बसून पाहत होतो. रेशन दुकानाच्या ओळी महिन्याच्या महिन्याला, ठरलेल्या आठवड्यात. मधेच एका दुपारी एका मोबाइल कंपनीच्या नावाची ओळ, बोटाच्या ठशाने, यशस्वी. आजींकडे साधा फोन, नंबर वर्षानुवर्षं तोच. विचारलं तेव्हा म्हणाल्या, “अरे, बाजारात तो पोरगा होता ना छत्री लावून, म्हणाला मावशी अंगठा नीट उमटला नाही, परत द्या.” नातवाचं सिम घ्यायला त्या गेल्या होत्या. दुसऱ्या अंगठ्यावर दुसरं सिम निघालं होतं. ते आम्ही दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवरून बंद करायला लावलं. ठसा ‘परत द्या’ असं कोणी म्हटलं तर आधी फसल्याचा संदेश स्क्रीनवर दाखवायला सांगावं, एवढं तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो.

तिसरं काम: अंगठ्याला कुलूप

पासवर्ड चोरीला गेला तर बदलता येतो. अंगठा बदलता येत नाही. आणि तो आपण किती ठिकाणी उमटवून ठेवला आहे याचा विचार करा.

आधारवरून पैसे काढण्याची जी पद्धत आहे, जिला एईपीएस म्हणतात, तीत ग्राहक सेवा केंद्राच्या मशीनवर तीनच गोष्टी लागतात: बँकेचं नाव, आधार नंबर आणि बोटाचा ठसा. पिन नाही, ओटीपी नाही. एका वेळी १०,००० रुपयांपर्यंत रक्कम निघते. ज्या गावात बँकेची शाखा वीस कोसांवर आहे तिथल्या मजुराला हा मोठा आधार आहे आणि ही सोय बंद व्हावी असं मी मुळीच म्हणणार नाही. पण ज्याला ती कधीच वापरायची नाही, त्याच्याही खात्याला हे दार असतं आणि त्याला त्याचा पत्ता नसतो.

ठसा चोरांना मिळतो कुठून? एक जागा आहे नोंदणीकृत दस्त. नोंदणी कायद्याच्या कलम ३२-अ प्रमाणे खरेदीखतावर दोन्ही पक्षांचे फोटो आणि ठसे लागतात. कलम ५७ प्रमाणे स्थावर मिळकतीच्या दस्तांची नोंदवही कोणालाही शुल्क भरून पाहता येते, प्रत घेता येते. जमिनीचे व्यवहार तपासता यावेत म्हणून ती सोय आहे आणि ती हवीच. पण २०१८ मध्ये तेलंगणात एका सिमकार्ड विक्रेत्याने नोंदणी खात्याच्या वेबसाइटवरून दस्त उतरवून, त्यावरच्या ठशांचे शिक्के बनवून हजारो सिमकार्डं चालू केल्याचं पोलीस तपासात पुढे आलं. नंतर हीच युक्ती बँक खात्यांवर चालवली गेली. घर, प्लॉट किंवा शेत घेतलं-विकलं असेल तर हे काम उद्यावर ढकलू नका.

कुलूप असं लावायचं. ‘माय आधार’ पोर्टलवर किंवा आधारच्या अधिकृत ॲपवर ‘लॉक/अनलॉक बायोमेट्रिक्स’ निवडा, ओटीपी द्या, झालं. यानंतर बोट, बुबुळ, चेहरा यांपैकी कशानेही पडताळणी होत नाही. ओटीपी मात्र चालू राहतो. गरज पडली की तिथूनच तात्पुरतं उघडा. दहा मिनिटांनी ते आपोआप परत बंद होतं.

यावर लोक नेहमी विचारतात, मग आमचे पैसे यायचे थांबतील का? नाही. लाडकी बहीण, पीएम किसान, गॅसचं अनुदान हे पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जमा होतात आणि जमा व्हायला ठसा लागत नाही. ठसा लागतो काढायला. कुलूप लावल्यावर येणारा रस्ता उघडा राहतो आणि एईपीएसचा जाणारा रस्ता बंद होतो.

अडचण येते ती तीन-चार ठिकाणी. रेशन दुकानात कार्डावरच्या कोणत्याही एका सदस्याचा अंगठा चालतो, तेव्हा जो रेशन आणतो त्याचं कुलूप उघडं ठेवा आणि बाकीच्यांची लावून टाका. पेन्शनरांना नोव्हेंबरात हयातीचा दाखला देताना, दस्त नोंदणीच्या दिवशी आणि कुठल्या योजनेची ई-केवायसी ठशाने करायची असेल तेव्हा जायच्या आधी कुलूप उघडा. घरातून निघताना उघडलंत तर रांगेत उभे असेपर्यंत दहा मिनिटं संपतील. खिडकीशी पोहोचल्यावर उघडा.

स्मार्टफोन नसलेल्यांसाठी १९४७ वर एसएमएसची सोय आहे. आधारला जोडलेल्या नंबरावरून इंग्रजी मोठ्या अक्षरांत ‘जीव्हीआयडी’ (GVID), मग एक जागा सोडून आधारचे शेवटचे चार आकडे असा संदेश पाठवला की सोळा आकडी आभासी क्रमांक येतो. तो आधारच्या जागी देता येतो आणि त्यावरून मूळ आधार नंबर काढता येत नाही. नको झाला की नवा तयार करायचा. पूर्ण आधार क्रमांकच बंद ठेवून फक्त या आभासी क्रमांकावर व्यवहार करण्याचीही सोय आहे, पण मग प्रत्येक वेळी तो सोळा आकडी क्रमांक जवळ लागतो. घरातल्या म्हाताऱ्या माणसांसाठी तो खटाटोप मी सुचवणार नाही, त्यांना बायोमेट्रिकचं कुलूप पुरे.

शिवाय बँकेत जाऊन ‘माझ्या खात्यावरून एईपीएसद्वारे पैसे काढण्याची सुविधा बंद करावी’ असा लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. काही बँकांच्या ॲपमध्येच ते बटण असतं.

कागद देताना

झेरॉक्सच्या दुकानात काउंटरवरच्या कॉम्प्युटरकडे एकदा नीट पाहा. डेस्कटॉपवर आणि डाउनलोड्समध्ये लोकांच्या नावांच्या फाइली ओळीने पडलेल्या असतात: कुणाचं आधार, कुणाचं पासबुक, कुणाचा दहावीचा निकाल. प्रिंटसाठी व्हॉट्सॲप केलेली आणि कोणी न पुसलेली. ई-आधारच्या पीडीएफला पासवर्ड असतो खरा, पण तो म्हणजे इंग्रजी नावाची पहिली चार अक्षरं आणि जन्मसाल. फाइलचं नाव सुनीता असेल तर निम्मा पासवर्ड तिथेच कळला.

तेव्हा ई-आधार उतरवताना ‘मास्क्ड आधार’ची चौकट टिचकवा. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले आणि शेवटचे चार दिसतात. ओळख पटवायला तेवढं पुरतं. दुकानात प्रिंट घ्यायचीच असेल तर तेच पाठवा आणि तुमच्यासमोर फाइल पुसायला सांगा, रिसायकल बिनसकट. बहुतेक दुकानदार हसून पुसतात, कोणी रागावत नाही.

प्रतीवर आडवं लिहायची सवय लावा: ‘फक्त अमुक योजनेच्या अर्जासाठी’, तारीख, सही. ही अक्षरं फोटोवरून आणि नंबरावरून गेली पाहिजेत. कोपऱ्यात लिहिलेलं कापून टाकता येतं.

लॉजवर, सोसायटीच्या गेटवर, जिममध्ये आधारची प्रत मागितली तर दुसरं ओळखपत्र दाखवा. मे २०२२ मध्ये प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने आधारची झेरॉक्स सरसकट कोणाला देऊ नका अशी सूचना काढली होती आणि दोन दिवसांत केंद्राने ती मागे घेतली. त्यामुळे लोकांचा गोंधळ झाला. कायदा मात्र स्पष्ट आहे: क्यूआर कोड स्कॅन करून ऑफलाइन ओळख पटवणाऱ्या संस्थेला आधार क्रमांक घेण्याची किंवा साठवण्याची परवानगी नाही, आणि पडताळणी तुमच्या संमतीनेच व्हायला हवी.

योजनांच्या ई-केवायसीच्या काळात हुबेहूब सरकारी दिसणाऱ्या बनावट वेबसाइट निघतात. पत्त्याच्या शेवटी ‘डॉट जीओव्ही डॉट इन’ आहे का ते पाहा. महाराष्ट्र शासनाच्या बऱ्याच वेबसाइटमध्ये त्याआधी ‘महाराष्ट्र’ असतं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर आलेल्या लिंकवरून कधीही ई-केवायसी करू नका, मग ती अंगणवाडीताईंच्या नंबरावरून आलेली का असेना. त्यांनाही ती कोणीतरी पुढे ढकललेलीच असते.

सरकारी कार्यालयात अर्ज देताना एक ओळ जास्त लिहा

जातपडताळणी, अपंगत्वाचा दाखला, वैद्यकीय रजा, घटस्फोटित किंवा परित्यक्ता म्हणून मिळणारं अनुदान, असे अर्ज करताना आपण अत्यंत खाजगी कागद देऊन येतो. अर्जाच्या वर ठळक लिहा: ‘सोबतची वैयक्तिक कागदपत्रे गोपनीय असून त्रयस्थ व्यक्तीस देऊ नयेत.’ माहिती अधिकार कायद्याच्या कलम ११ चा उपयोग इथे होतो. तुम्ही गोपनीय म्हणून दिलेली माहिती कोणी मागितली आणि जन माहिती अधिकारी ती देणार असेल, तर त्याने अर्ज मिळाल्यापासून पाच दिवसांत तुम्हाला लेखी कळवायला हवं. हरकत नोंदवायला तुम्हाला दहा दिवस मिळतात. पहिल्याच दिवशी ‘गोपनीय’ लिहिलेलं असेल तर हा हक्क मागताना तुमची बाजू भक्कम राहते. आवक क्रमांक घातलेली पोचप्रत घरी जपून ठेवा.

यादीत नंबर दिसला तर

रोजगार हमी, घरकुल, पेन्शन यांच्या लाभार्थ्यांची नावं आणि रकमा फलकावर असल्याच पाहिजेत. त्यावरूनच गावाला कळतं की मेलेल्या माणसाच्या नावावर कोण पैसे उचलतंय. खाजगीपणाच्या नावाखाली या याद्या बंद करायला माझा विरोध आहे. पण आधार नंबर आणि खाते क्रमांक यादीत असण्याचं काही कारण नाही आणि आधार कायद्याच्या कलम २९ ने आधार क्रमांक जाहीर करायला बंदीच आहे.

तशी यादी दिसली तर फोटो काढा, तो ग्रुपवर टाकू नका (तुम्हीही तेच नंबर पसरवाल). ग्रामसेवक, मुख्याध्यापक किंवा कार्यालयप्रमुखाला कलम २९ चा उल्लेख करून लेखी कळवा. हललं नाही तर १९४७ वर आणि प्राधिकरणाच्या मुंबई विभागीय कार्यालयात तक्रार द्या. कफ परेडच्या या कार्यालयाकडे महाराष्ट्रासोबत गोवा आणि गुजरातही येतात.

२०२३ चा वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा आला आहे आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. आपली माहिती पाहण्याचे, दुरुस्त करून घेण्याचे हक्क त्यात आहेत. पण त्यातल्या बहुतेक तरतुदी नियम निघाल्यापासून अठरा महिन्यांनी लागू व्हायच्या आहेत आणि सरकारी यंत्रणांना त्यात बऱ्याच सवलती आहेत. आज हातात असलेलं हत्यार आधार कायदाच आहे.

आधारच्या पलीकडे, थोडक्यात

‘संचार साथी’वर आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते पाहा, अनोळखी असेल ते ‘माझं नाही’ म्हणून कळवा. पॅनचा गैरवापर दोन ठिकाणी उघड होतो. जीएसटी पोर्टलवर पॅन टाकून शोधा, आपल्या नावावर कोणी धंदा नोंदवला असेल तर दिसतो. आणि चारही क्रेडिट ब्युरोंकडून (आपल्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या कंपन्या) वर्षाला एकेक पूर्ण अहवाल मोफत मिळतो, तो दर तीन महिन्यांनी एकेकाकडून मागवला तर वर्षभर लक्ष राहतं. आयकराच्या पोर्टलवर वार्षिक माहिती विवरण असतं, त्यात आपण न केलेला व्यवहार आहे का तेही एकदा नजरेखालून घाला.

पैसे गेलेच तर

संदेश दिसल्या क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करा. पैसे पुढच्या खात्यात गोठवता येतात ते पहिल्या काही तासांतच. मग लगेच बायोमेट्रिकला कुलूप लावा, कारण त्याच ठशाने पुन्हा १०,००० काढले जातात. त्यानंतर बँकेला लेखी कळवा. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकाने घालून दिलेल्या नियमानुसार चूक तुमची नाही, बँकेचीही नाही, अशा फसवणुकीची सूचना तीन कामकाजाच्या दिवसांत दिली तर तुमच्यावर काहीही भार येत नाही. सूचना दिल्यापासून दहा कामकाजाच्या दिवसांत बँकेने ती रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची असते. मॅनेजरसाहेब “आधी एफआयआर आणा” म्हणाले तर हा नियम त्यांच्यापुढे ठेवा. तीस दिवसांत समाधान झालं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते.

पोलीस ठाण्यात ‘आमच्या हद्दीत नाही’ हे उत्तर आता चालत नाही. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, खबर घ्यावी लागते. अर्जात माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६-क (इंग्रजीत 66C) नमूद करा, ते दुसऱ्याची ओळख चोरण्याबद्दल आहे. सोबत ऑथेंटिकेशन हिस्टरीची प्रिंट जोडा. तीत व्यवहाराचा क्रमांक आणि वेळ असते, आणि त्यावरून तपास अधिकाऱ्याला ते मशीन कोणाच्या नावावर आहे इथपर्यंत जाता येतं. ती नोंद सहा महिन्यांनंतर पोर्टलवर दिसत नाही, म्हणून पहिल्याच दिवशी उतरवून ठेवा.

नुकसानभरपाईसाठी आणखी एक दार आहे जे वकिलांनाही पटकन आठवत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४६ खाली राज्याच्या माहिती तंत्रज्ञान विभागाचे सचिव हे न्यायनिर्णय अधिकारी असतात आणि पाच कोटी रुपयांपर्यंतचे दावे त्यांच्यापुढे चालतात. महाराष्ट्रात या अधिकाऱ्यांनी बँका आणि मोबाइल कंपन्यांना ग्राहकांचे पैसे परत द्यायला लावल्याची उदाहरणं आहेत. अर्ज मंत्रालयात, माहिती तंत्रज्ञान विभागाकडे करायचा असतो.